'काला बाजार' (१९६०): बघावा का? रविवारच्या आत बोला

ऋतुजा_पु

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आत्या राहायला येतेय आणि तिने आधीच सांगून ठेवलंय की जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून देव आनंदचा 'काला बाजार' बघायचा. गाणी मला येता-जाता ऐकून पाठ आहेत, पण सिनेमा मी एकदाही पाहिलेला नाही. 'गाइड' आणि 'ज्वेल थीफ' पाहिलेत, दोन्ही प्रचंड आवडलेत. त्यामुळे दिग्दर्शक म्हणून विजय आनंद हे नाव दिसलं की माझा कल बघण्याकडेच असतो.

अडचण घरातल्या इतरांची आहे. अडीच तासांचा कृष्णधवल सिनेमा, त्यात प्रेमकथा, त्यात गुन्हेगारी, वर कोर्टही आहे म्हणे. दहावीतला भाऊ अर्ध्या तासात उठून जाईल. बाबांना 'सुधारणारा नायक' हा प्रकारच आवडत नाही. आत्याचा रविवार सुखात जावा असं मला मनापासून वाटतंय, म्हणून विचारते: गाणी बाजूला ठेवली तर सिनेमा म्हणून तो आज उभा राहतो का? शेवट मात्र कृपया फोडू नका.

माजघर

बघच. 'रिमझिम के तराने' छत्रीखाली कसं घडतं हे नुसतं ऐकून कळत नाही.

चाळकरी

ऋतुजा, 'गाणी बाजूला ठेवून' या अटीवरच उत्तर देतो, कारण या सिनेमाला लोक गाण्यांच्या नावाखाली फार लवकर निकालात काढतात.

सुरुवात ऐक, यात काही फुटत नाही. रघू (देव आनंद) हा बेस्टच्या बसमधला वाटावा असा साधा कंडक्टर. एका उतारूशी बाचाबाची होते आणि नोकरी जाते. घरी आई, बहीण, लहान भाऊ. काम शोधत वणवण करताना त्याला सिनेमाच्या दारात तिकिटं ब्लॅकने विकणारा माणूस दिसतो. खिडकीवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागलेली आणि बाहेर तीच तिकिटं वाढीव भावाने मिळतायत. या धंद्याला लागणारं भांडवल तो एका वकिलाचे पैसे चोरून उभं करतो. तिथून पुढे पोरांची टोळी, वाढता पैसा, चांगल्या वस्तीत घर.

आता त्या काळातले इतर गुन्हेगारीपट आठव. जुगाराचा अड्डा, तळघर, सिगारेटच्या धुरात बसलेला बॉस. 'बाजी'पासून (१९५१) हेच चालत आलं होतं आणि देव आनंदच्या निर्मिती संस्थेचा, नवकेतनचाच त्यात मोठा वाटा होता. 'काला बाजार'मधला गुन्हा मात्र प्रेक्षकाने थेटरात शिरताना स्वतः डोळ्यांनी पाहिलेला होता. कदाचित त्याच खेळाचं तिकीट त्याने तसंच घेतलेलं होतं. १९६० च्या प्रेक्षकाला नायकाकडे परका म्हणून बघायची सोय विजय आनंदने ठेवलेलीच नाही.

आणि त्याच वर्षी मुंबईत काय चाललं होतं? ऑगस्टमध्ये मराठा मंदिरला 'मुगल-ए-आझम' लागला. आगाऊ तिकिटांसाठी लोक अंथरुणं घेऊन रांगेत मुक्कामाला होते, घरचे डबे तिथेच पोचत होते. अशा शहरात ब्लॅकवाला हा किरकोळ माणूस नव्हताच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सिनेमाचं खरं बळ हीच. प्रेमकथा आणि गुन्हा एकाच क्षणी सुरू होतात. अलका (वहिदा रहमान) मित्रमैत्रिणींबरोबर सिनेमाला येते, बरोबरच्यांनी ब्लॅकने घेतलेली तिकिटं बघते आणि फाडून टाकते. रघूला आयुष्यात पहिल्यांदा असा कोणी भेटतो ज्याला त्याचा माल फुकट देऊनही नको असतो. तो तिच्यामागे जातो तो तिच्या रूपामुळे जातो हे खरंच, पण ते फाटके तुकडे त्याला झोपू देत नाहीत. पुढचा सगळा सिनेमा या एका अपमानावर चालतो. म्हणून तुझ्या बाबांना सांग की हा 'सुधारणारा नायक' आईच्या अश्रूंनी किंवा देवळातल्या घंटेने सुधारत नाही. एका मुलीला आपण काय म्हणून दिसलो, या लाजेने तो बदलायला लागतो. हिंदी सिनेमात असा नायक फार थोड्या वेळा आलाय.

निनाद_के

चाळकरींचा प्रतिसाद आवडला, पण मी उलट बाजू मांडतो. मागच्या दिवाळीत पाहिला आणि निम्म्यानंतर माझी सहनशक्ती संपली.

एक: मुलगी सुट्टीला उटीला निघते, हा गडी तिकीट काढून त्याच डब्यात. तिचे आईवडील समोर बसलेत, त्यांच्याशी गोड बोलून ओळख काढायची, तिथे पोचल्यावरही मागे मागे. आज माझ्या बहिणीच्या मागे कोणी असं फिरलं तर मी त्याला गाणं म्हणू देणार नाही.

दोन: सुधारल्यानंतरचा भाग. काल तिकिटं विकणारी अख्खी टोळी उद्या सचोटीचा 'सफेद बाजार' काढते. इतकं सोपं असतं? ज्या गरिबीने त्यांना तिकडे ढकललं ती कुठे गेली? पहिल्या तासात दिग्दर्शक जे शहर दाखवतो, त्यालाच शेवटच्या तासात विसरतो.

गाणी अप्रतिम, यात वाद नाही. पण ऋतुजाने गाणी बाजूला ठेवूनच विचारलंय. माझं उत्तर: पहिला तास बघा.

अनुजा_जो

निनाद, पाठलागाबद्दल तू जे म्हणतोस ते मी पूर्ण मान्य करते. त्या भागात मीही अस्वस्थ होते. १९६० आहे म्हणून ते चालवून घ्या, असं मी कोणालाही सांगणार नाही, दहावीतल्या मुलाला तर नाहीच. उलट त्याच्याबरोबर बघताना तिथे थांबून बोलायला हवं.

पण तो काळ आणि हा सिनेमा यांतला एक फरक नजरेआड करू नकोस. त्या वर्षांतल्या सिनेमात मुलीच्या 'नाही'चा अर्थ 'अजून थोडा प्रयत्न कर' असाच धरलेला असायचा. इथे अलका स्पष्ट सांगते की तिचं लग्न ठरलंय, मुलगा परदेशी शिकायला चाललाय, तिचा त्याला शब्द आहे. त्यानंतर रघूच्या वागण्याचा पोत बदलतो. तो मुंबईला परततो आणि तिला जिंकायचे डाव टाकण्याऐवजी स्वतःकडे बघायला लागतो. अलकाही नुसती लाजणारी नाही. तिला तो आवडायला लागलाय हे तिला स्वतःला कळतं आणि त्याचं तिला ओझं होतं. दिलेला शब्द आणि मनाची ओढ यांत सापडलेली मुलगी वहिदाने जवळजवळ न बोलता उभी केलीय. तेव्हा ती विशीतली होती, हिंदीत येऊन उणीपुरी चार वर्षं झाली होती ('सी.आय.डी.' १९५६ चा).

आणि त्या ठरलेल्या मुलाचं, नंदचं काम स्वतः विजय आनंदने केलंय. हिरोच्या वाटेतला काटा म्हणून त्याला खलनायक करणं सहज शक्य होतं. तसं त्याने केलेलं नाही. पुढचं सांगत नाही.

माजघर

अनुजाला अनुमोदन. तिघे आनंद बंधू एका सिनेमात आहेत हेही सांगायला हवं. ज्याचे पैसे रघू चोरतो तो वकील म्हणजे चेतन आनंद, 'नीचा नगर'चा दिग्दर्शक. थोरल्याचे पैसे मधला चोरतो आणि धाकटा ते चित्रित करतो.

सुलभा_देव

मराठी माणसांनी हा सिनेमा आणखी दोघींसाठी बघावा, त्यांचा उल्लेख इथे अजून आलाच नाही याचं वाईट वाटलं.

रघूची आई म्हणजे लीला चिटणीस. आज त्यांचं नाव 'देव आनंदची आई', 'राज कपूरची आई' एवढ्यावर येऊन थांबतं. त्या 'नाट्यमन्वंतर'च्या प्रायोगिक रंगभूमीवरून आलेल्या, पदवीधर, आणि 'कंगन' (१९३९), 'बंधन' (१९४०), 'झूला' (१९४१) अशा बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत अशोक कुमारच्या नायिका होत्या. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री त्याच. 'चंदेरी दुनियेत' हे त्यांचं आत्मचरित्र कोणाला ग्रंथालयात मिळालं तर सोडू नका, इतक्या मोकळेपणाने त्या काळात फार थोड्या स्त्रियांनी लिहिलंय.

बहीण सपना म्हणजे नंदा, आपल्या मास्टर विनायकांची लेक. 'शेवग्याच्या शेंगा'मधली (१९५५). गंमत बघा, १९६० मध्ये देव आनंदची बहीण झालेली नंदा पुढच्याच वर्षी 'हम दोनो'त त्याची पत्नी झाली आणि प्रेक्षकांनी ते स्वीकारलं.

या दोघींवर एक भजन आहे, 'ना मैं धन चाहूँ'. गीता दत्त आणि सुधा मल्होत्रा यांच्या आवाजातलं. काळ्या पैशातून आलेल्या त्या घरात मायलेकी देवापाशी म्हणतायत की आम्हाला धन नको, रत्नं नकोत. मुलगा ते ऐकतो. त्यांना माहीत नाही आणि त्याला माहीत आहे. निनाद म्हणतात की सुधारणा सोपी आहे. मला वाटतं ती या भजनापासूनच आत कुरतडायला लागलेली असते. लीलाबाईंचा चेहरा तिथे बघा. मुलाने आणलेल्या सुखाने त्या हरखलेल्या आहेत, संशयाची एक रेघ नाही, आणि तेच जास्त लागतं.

चाळकरी

सुलभाताई, हा प्रतिसाद धाग्याचा कळस आहे. 'चंदेरी दुनियेत' माझ्याकडे आहे, पुण्यात कोणाला वाचायचं असेल तर माझ्या विचारपुशीत निरोप ठेवा.

पिटातला

ब्लॅकवाल्यांबद्दल थोडं, कारण आता ज्यांचं वय पंचविशीच्या आत आहे त्यांनी हा माणूस पाहिलेलाच नाही.

मी लालबागचा. आमच्या लहानपणी गाजलेल्या सिनेमाच्या पहिल्या आठवड्यात खिडकी उघडायच्या आधी रांगेतले पहिले वीस जण ठरलेले असत. त्यांतले निम्मे आमच्याच गल्लीतले. खिडकी दहा मिनिटांत बंद, पाटी लागली. मग थेटरच्या कंपाउंडला टेकून, तोंड न हलवता, 'दस का बीस, दस का बीस'. पोलीस दिसला की आवाज बंद, हात खिशात. डोअरकीपरला वाटा, बुकिंगवाल्याला वाटा. यातले काही गिरण्यांच्या संपानंतर बेकार झालेल्या घरांतले होते. त्यांना मी गुन्हेगार म्हणून ओळखत नव्हतो. अमक्याचा भाऊ, तमक्याचा मुलगा, अशीच ओळख.

म्हणून या सिनेमात रघूची टोळी बघताना मला ते चेहरे आठवतात. रशीद खानने केलेला कालू तर थेट आमच्या नाक्यावरून उचलल्यासारखा आहे, बोलणं, चालणं, मालकावरचा जीव. निनाद विचारतात की टोळी एका रात्रीत सरळ होईल का. सगळी नाही होणार. पण यातल्या कित्येकांना आयुष्यात कोणी दुसरा धंदा विचारलाच नव्हता, हेही तितकंच खरं. रघू त्यांना तो विचारतो. मला ते खोटं वाटलं नाही.

मल्टिप्लेक्स आणि ऑनलाइन बुकिंग आल्यावर नाक्यावरचा माणूस गेला. धंदा गेला नाही. नवी मुंबईत कोल्डप्लेचा कार्यक्रम ठरला तेव्हा, २०२४ मध्ये, तिकिटं मूळ किमतीच्या कित्येक पटींनी पुन्हा विकायला आली आणि पोलीस चौकशीपर्यंत गोष्ट गेली. ऋतुजा, भावाला हे आधी सांग. मग तो बसेल.

निनाद_के

पिटातला, हे वाचून मी थोडा विचारात पडलो. टोळीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही, कारण सिनेमा तो बदल पाच-दहा मिनिटांत उरकतो आणि मला त्यावर वेळ हवा होता. तुम्ही सांगताय ती माणसं पडद्यावर आणखी दिसली असती तर मी शेवटपर्यंत खिळून बसलो असतो.

छायाप्रकाश

गाण्यांवर बंदी आहे, तरी चित्रीकरणावर दोन गोष्टी बोलतो, कारण त्या कथेचाच भाग आहेत.

रेल्वेचा प्रसंग. वरच्या बर्थवर अलका, खालच्या बर्थवर रघू, समोर तिचे आईवडील. 'अपनी तो हर आह इक तूफ़ान है' सुरू होतं. त्यातला 'ऊपरवाला' म्हणजे परमेश्वर अशी आईवडिलांची समजूत, आणि मुलीला नेमकं ठाऊक की वर कोण आहे. शैलेंद्रचे शब्द आणि एवढीशी जागा. नाच नाही, बाग नाही, कॅमेऱ्याला हलायला दोन फूट. तरी चार माणसांच्या मनात एकाच वेळी काय चाललंय ते सगळं दिसतं. निनादला हा प्रसंग पाठलागाचा भाग म्हणून खटकला, ते मी समजू शकतो. दिग्दर्शनाचा धडा म्हणून मात्र मी तो शिकणाऱ्या मुलांना नेहमी दाखवतो.

'रिमझिम'मध्ये दोघांचे ओठ हलतच नाहीत. रफी आणि गीता दत्त मागून गातात, ही दोघं एका छत्रीत गप्प चालतायत. पाऊस मुंबईचा. बोलायला जे जमत नाही ते गाण्याने बोलावं, पण पात्रांना गायला लावू नये, हे १९६० मध्ये सुचणं सोपं नव्हतं. विजय आनंदचा हा दुसरा-तिसरा सिनेमा असेल नसेल, 'नौ दो ग्यारह' (१९५७) त्याचा पहिला. पुढे 'गाइड' (१९६५) आणि 'तीसरी मंज़िल'मध्ये (१९६६) जी करामत दिसते तिची पाळंमुळं इथे आहेत.

छायाचित्रण व्ही. रात्रांचं. 'बाजी'ही त्यांचाच, आणि व्ही. के. मूर्ती तेव्हा त्यांचे सहायक होते. 'खोया खोया चाँद'मध्ये देव आनंद हात पसरून उटीच्या उतारावरून धावत येतो ती रात्र मोठ्या पडद्यावर बघायला मिळाली तर भाग्य समजा. मोबाइलवर बघू नका, एवढी कळकळीची विनंती.

अनुजा_जो

आणि 'मदर इंडिया'चा प्रीमियर! तो विसरून कसं चालेल? रघू जिथे तिकिटं विकतो तो मोठा प्रसंग सेटवरचा नाही. १९५७ चा लिबर्टी सिनेमातला सोहळा तिथे आहे. दिलीपकुमार, नर्गिस, गुरुदत्त, गीता दत्त, लता, रफी गाड्यांतून उतरतायत, गर्दी उसळतेय, आणि त्याच गर्दीत आपला नायक चढ्या भावाने तिकिटं विकतोय. आत ताऱ्यांचा झगमगाट आणि बाहेर त्या झगमगाटावर पोट भरणारा माणूस. सिनेमाच्या धंद्याने स्वतःच्या दारातला काळा बाजार स्वतःच दाखवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

ऋतुजा_पु

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका: शेवटचा कोर्टाचा भाग लांबतो का? आणि आत्याला नीट दिसेल अशी प्रत कुठे मिळेल?

चाळकरी

कोर्ट लांबत नाही, पण भाषणबाजी आहे. मात्र तिथे रघूची बाजू कोण मांडतो ते बघ, त्यात चेतन आनंदला घेण्याचं कारण कळतं. मध्यंतरानंतरची वीसेक मिनिटं ढिली आहेत, तिथे चहा ठेव. प्रत विकत घे किंवा भाड्याने अधिकृत ठिकाणी बघ. फुकटच्या प्रतींत अंधारातले प्रसंग नुसते काळे दिसतात आणि गाणी कापलेली असतात.

ऋतुजा_पु

काल बघितला. सविस्तर लिहिते.

बाबा उठले नाहीत. लिबर्टीचा प्रसंग आला तेव्हा आत्या आणि बाबा दोघंही गाडीतून कोण उतरतंय ते ओळखण्यात इतके रमले की तो भाग दोनदा लावावा लागला. भावाला पिटातला यांनी सांगितलेलं कोल्डप्लेचं उदाहरण आधीच दिलं होतं, त्यामुळे पहिला तास त्याने डोळे न हलवता पाहिला. उटीच्या भागात तो म्हणाला की हे बरोबर नाही. त्यावर आत्या म्हणाली, आमच्या वेळी रोज कॉलेजपासून घरापर्यंत कोणी ना कोणी मागे असायचं आणि ते गाण्यासारखं अजिबात नसायचं. त्यावर आमचं खूप वेळ बोलणं झालं, सिनेमा थांबवून. असं आत्या आमच्याशी कधी बोलली नव्हती.

मला स्वतःला निनादचं 'सफेद बाजार'बद्दलचं म्हणणं पटलं. तो भाग घाईत आहे. पण सुलभाताईंनी सांगितलेल्या भजनाने मी हललेय. आणि नंद परत येतो त्यानंतरचा वहिदाचा प्रसंग! अनुजाने तो न फोडल्याबद्दल तिचे शतशः आभार. तीन माणसं एकमेकांशी इतक्या सभ्यपणे खरं बोलतात, हे मी जुन्या हिंदी सिनेमात पाहिलंच नव्हतं. तेवढ्यासाठीसुद्धा मी हा सिनेमा कोणालाही बघ म्हणेन.

आता आत्याला पुढच्या महिन्यात 'हम दोनो' हवाय. रंगीत केलेली प्रत बघावी की मूळची?

छायाप्रकाश

मूळची. कृष्णधवल. दुसरा विचारही करू नका.

सुलभा_देव

मूळचीच. आणि नंदासाठी त्यातलं 'अल्ला तेरो नाम' शांतपणे बघा, तेव्हा कोणाला फोन उचलू देऊ नका.

निनाद_के

'हम दोनो'चा वेगळा धागा काढ ऋतुजा. मी दुसरा अर्धा भाग पुन्हा बघून येतो, पिटातला यांचं डोक्यात ठेवून. कालूचे प्रसंग मी तेव्हा पुरेशा लक्षाने पाहिले नव्हते असं आता वाटतंय.